सातवी हिरवळ

रुझार, तो नळ बंद कर.
मॅनेजरनं विचारलं तर माझं नाव सांग.
सातवीला काल रात्री कुणीतरी पोटभर पाजलंय,
बघ, पाऊल उचललं की ठसा मागे राहतो,
तो भरून येईपर्यंत
माझी अर्धी पोई खाऊन होईल.

बस खाली. बूट काढ.
त्या मोजायच्या काट्याआधी तळव्याला कळतं.
आता सुरी घाल, सरळ, चार बोटं खोल,
मासा चिरतोस तशी नको,
तुझी आई नाताळचा केक कापते तशी.
काढ तो तुकडा. हुंग.
आंबट ना?
वर पोपटी, तकतकीत, आणि खाली
मेलेल्या काड्यांची गादी, भिजल्या गोणपाटासारखी.
मुळं शोध बरं.
अंगठ्याच्या नखाएवढी!
कशाला उतरतील ती?
पाणी अंथरुणातच मिळतंय.

आता इकडे ये, टेकाडाच्या पाठीवर,
सुरूच्या झाडांमधून वारा सरळ येतो तिथं,
जिथं पाहुणे म्हणतात, अरेरे, गवत जळलं.
इथं घाल सुरी.
जोर लाव.
हं. वीतभर. पांढरी मुळं,
एकेकीला वाळूचे कण धरून बसलेले.
तहानेनं खाली नेलंय त्यांना.
जळलेलं नाही हे, रुझार,
जागं आहे.

कागदावर याचं नाव लांबलचक आहे,
विमानातून आलं म्हणतात.
मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.
तळपणच्या खाजनात, बांधाच्या कडेला,
भरतीचं खारं पाणी पिऊन
म्हशींच्या खुरांखाली हेच तर वाढायचं.
माझे बाबा त्या बांधाची राखण करायचे.
मानशीचं दार कधी उघडायचं, कधी पाडायचं,
त्यांची झोप चंद्राच्या ताब्यात.
मग एका अमावास्येला बांध फुटला.
लोक म्हणाले, भरतीच मोठी होती.
बाबा म्हणाले, नाही.
जिथं सगळ्यात हिरवा होता, तिथूनच गेला.
आत खेकड्यांनी पोखरलेलं, ओल धरलेली,
आणि मी रोज वरून जाताना म्हणायचो,
काय छान वाढलंय.
चार वर्षं आम्ही त्या शेतातून मीठ झाडत होतो.

म्हणून सांगते.
आज मशीन आण, पोकळ दातांचं,
बोटाएवढी भोकं पाड, जवळजवळ,
चाळणीसारखी दिसू दे हिरवळ, लाजू नकोस.
वाळू किनाऱ्यावरची नाही हं,
तिथं कासवं येतात, त्यांचं घर आहे ते.
शेडमागच्या ढिगातली घे, चाळून घे,
भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी पसर
आणि काथ्याची चटई ओढ तिच्यावरून, हळू,
पात्यांची टोकं दिसत राहिली पाहिजेत.
खत लोणच्यातल्या हिंगाएवढं.
पाणी चार दिवसांनी, एकदाच, खोल,
पहाटे, दव झटकून झाल्यावर.

मॅनेजर गवताला टर्फ म्हणतो, मला मावशी.
वाईट नाही माणूस.
शनिवारी दिल्लीचे लोक येणार,
फोटोत हिरवं दिसायला हवं, एवढंच त्याचं.
त्याला इथं उभं कर आणि एक चेंडू वरून सोड.
टक् वाजलं पाहिजे, थप् नाही.
शहाळं आणि नारळ,
तू रेंदेराचा नातू, तुला काय शिकवायचं.

खेळ मला कळत नाही.
सव्वीस वर्षांत काठी हातात धरली नाही.
पण एकदा, सगळे गेल्यावर,
मी एक चेंडू हातानंच सोडला उतारावर.
गेला, गेला, थांबेचना,
नदीच्या वाऱ्यानं जरा डावीकडे वळला
आणि खड्ड्याला न शिवता पुढे निघून गेला.
मी तिथंच उभी. एकटीच हसत होते.

दे, नळाची चावी माझ्याकडे दे.
बादलीत तांब्याभर ठेवलंय,
ते गवताचं नाही,
तुझ्या पायांचं.